लाँड्रीत बिघडलेलं जॅकेट: ३७०० वर्षं जुनं भांडण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोडचा मजकूर. माझे 'अं... म्हणजे...' तेवढे काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय इतिहास? विषय असा: तुमचं एक जीव की प्राण जॅकेट आहे. ते तुम्ही विश्वासाने ड्रायक्लीनला टाकलं. चार दिवसांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, हँगरवर, एकदम ऐटीत परत आलं. घरी येऊन पिशवी काढली तर बटण चिरलेलं, कोपरावर भोक. आता पुढे काय? दुकानदार काय देणं लागतो? आणि जे बिघडलं ते परत नीट होतं का?

हे भांडण किमान ३७०० वर्षं जुनं आहे. आणि इतक्या वर्षांत त्याची दोन उत्तरं निघाली. एक उत्तर पैशाचं, दुसरं सुईचं. गंमत म्हणजे मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे: दंड. एक दंड कोर्टातला. दुसरा आपल्या पणज्यांचा. लुगडं विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि धड राहिलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला म्हणायचे 'लुगड्याला दंड घालणे'. आज या दोन्ही दंडांची गोष्ट.

ऊरमधलं चोखंदळ गिऱ्हाईक

सुरुवात इराकच्या दक्षिणेला असलेल्या ऊर या प्राचीन शहरातून करू. ईआ-नासिरचं मीम तुम्ही पाहिलं असेल: खराब तांबं दिलं म्हणून गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर लिहिलेली तक्रार. ती पाटी याच ऊरमधली. साधारण त्याच काळातली, म्हणजे सुमारे ३७०० ते ३८०० वर्षांपूर्वीची आणखी एक पाटी तिथे सापडली. ती आहे गिऱ्हाईक आणि कपडे धुणारा यांच्यातला विनोदी संवाद.

गिऱ्हाईक आपलं वस्त्र देतं आणि सूचना सुरू करतं. झालर अशी ठेव, काठ असा धर, अमुक पाण्यात भिजव, गाळून घे, असं विंचर, असं वाळव, आणि घरी आणून दे म्हणजे तुला धान्य देईन. सूचना संपतच नाहीत. शेवटी धुणारा वैतागतो. त्याच्या उत्तराचा सारांश असा की बाबा रे, असं बोलायची हिंमत तर फक्त सावकारच करतो. धुण्याची जागा तुला दाखवतो, तूच जाऊन धू.

ज्याने आयुष्यात एकदा तरी क्लायंटची रिक्वायरमेंट मीटिंग केली आहे, त्याला हा धुणारा आपला भाऊ वाटेल. पण गिऱ्हाइकाची भीती खोटी नाही. हाताने कातलेलं, हाताने विणलेलं वस्त्र म्हणजे त्या काळी मोठी संपत्ती. ते आपण दुसऱ्याच्या हातात देतो आणि तो त्याच्यावर काय करतो ते आपल्याला दिसत नाही. आजही लाँड्रीच्या काउंटरमागे काय चालतं ते आपल्याला कुठे दिसतं?

कौटिल्याचा धोबीघाट

आता भारतात येऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परिटांसाठी नियम आहेत, आणि ते कमालीचे नेमके आहेत. (या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती र. पं. कंगले यांनी तयार केली आणि मुंबई विद्यापीठाने ती १९६० च्या दशकात छापली, हे जाता जाता.)

नियम असा: कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवायचे. दुसरीकडे कुठे धुतले आणि कापड खराब झालं, तर नुकसान भरून द्यायचं, शिवाय ६ पण दंड. गिऱ्हाइकाचे कपडे स्वतः घालून मिरवायचे नाहीत. त्यासाठी परिटाच्या स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण असायची, आणि ती खूण नसलेला कपडा अंगावर दिसला तर ३ पण दंड. गिऱ्हाइकाचं कापड विकलं, भाड्याने दिलं किंवा गहाण टाकलं तर १२ पण. अदलाबदल केली तर दुप्पट किंमत, शिवाय मूळ कापड परत.

खुणेवरून आठवलं. आपल्याकडे परीट बिब्ब्याच्या रसाने गिऱ्हाइकाच्या कपड्यावर खूण करायचे. ती खूण कितीही धुतली तरी जात नाही. आताच्या बारकोडच्या चिठ्ठीचा हा पणजोबा.

रोममध्येही हेच प्रश्न. तिथे कपडे धुणाऱ्याला 'फुल्लो' म्हणत. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा कायदेपंडित उल्पियन याने एक प्रश्न सोडवून ठेवलाय, जो पुढे इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या 'डायजेस्ट' या संकलनात आला: धुवायला दिलेलं वस्त्र उंदरांनी कुरतडलं तर जबाबदार कोण? उत्तर: धुणारा. कारण उंदरांपासून जपणं हे त्याचं काम होतं. आणि एकाचा झगा चुकून दुसऱ्याला दिला, मुद्दाम नाही, तरीही जबाबदार तोच.

हे ऐकताना गिऱ्हाइकाची बाजू भक्कम वाटते. पण जरा थांबा. हे कायदे लिहिणारे कपडे देणाऱ्यांपैकी होते, धुणाऱ्यांपैकी नव्हते. परिटाची बाजू या ग्रंथांत ऐकूच येत नाही. आज चित्र उलटं झालंय. आज नियम छापणारा दुकानदार आहे आणि ते नियम पावतीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत असतात.

किंमत काढायचं सूत्र

आता माझा सगळ्यात आवडता भाग. कापड गेलं, भरपाई द्यायची, पण किती? नव्या कापडाची की वापरलेल्या?

नारदस्मृतीत याचं चक्क सूत्र दिलंय. एकदा धुतलेल्या कापडाची किंमत एक अष्टमांशाने कमी धरायची. दोनदा धुतलं तर पाव कमी. तीनदा, तर एक तृतीयांश. चारदा धुतलं की निम्मी. पुढे पाव-पाव हिश्शाने उतरत जायची. हे सूत्र विज्ञानेश्वराने आपल्या 'मिताक्षरा' या टीकेत वापरलं. विज्ञानेश्वर म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीचा, आजच्या बसवकल्याणचा, साधारण इसवी सन ११०० च्या आसपासचा. सोलापूरहून काही तासांच्या अंतरावरचं गाव. त्याच्या हिशोबाने ८ पणांना घेतलेलं वस्त्र पहिल्या धुण्यानंतर हरवलं तर ७ पण द्यायचे. याच चालीने दोन धुण्यांनंतर ६, आणि चार धुण्यांनंतर ४.

इंजिनिअर माणसाला हे वाचून गहिवरून येतं. हे डेप्रिसिएशन टेबल आहे! आणि आजही जग तेच करतं. अमेरिकेत ड्रायक्लीनरांच्या संघटनेची एक मार्गदर्शिका आहे, तिच्यात कोणता कपडा किती वर्षं टिकायला हवा ते ठरलेलं असतं आणि वयाप्रमाणे भरपाई खाली येते.

पण नारदाच्या सूत्राला एक शेवट आहे. कापड अगदी जीर्ण झालं की त्याच्या घसाऱ्याला नियम नाही, असं सांगून ते थांबतं. म्हणजे कायद्याचं गणित नेमकं तिथे थांबतं, जिथे आपल्यासारख्यांचं सुरू होतं. कारण जे जॅकेट आपण जपून ठेवतो, ते बहुतेक वेळा जुनंच असतं.

माझ्याकडे आजोबांचं एक लोकरीचं जॅकेट आहे. राखाडी, बारीक तिरप्या विणीचं, त्यांच्या लग्नासाठी शिवलेलं. गेल्या वर्षी भावाच्या लग्नात घालायचं म्हणून एका दुकानात ड्रायक्लीनला दिलं. परत आलं तेव्हा डाव्या कोपरावर नखाएवढं भोक होतं आणि एका बटणाला चीर होती. काउंटरवरच्या मुलाने पावती उलटी करून दाखवली: भरपाई धुलाईच्या दराच्या काही पट, तेवढीच. वर म्हणाला, "सर, कपडा खूप जुना होता ना." तो अगदी नारदाचंच बोलत होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. मला राग आला तो पैशाचा नाही. जुना होता म्हणून स्वस्त होता, असं त्याने धरलं याचा.

'ड्राय' म्हणजे कोरडं नव्हे

मग मी मुळाशी गेलो. हे ड्रायक्लीन आलं कुठून?

लोकरीचं आणि पाण्याचं फारसं पटत नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता आणि घासाघीस एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं, घट्ट नमद्यासारखं होतं. हे आटणं उलटं फिरवता येत नाही. इथे अनडू नाही. म्हणून पाणी न वापरता मळ काढायची पद्धत शोधली गेली.

१८२१ साली न्यूयॉर्कमधल्या थॉमस जेनिंग्स या शिंप्याला 'ड्राय स्कावरिंग' या पद्धतीचं पेटंट मिळालं. अमेरिकी पेटंट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस मानला जातो. त्यातून आलेला पैसा त्याने आपल्या कुटुंबाला गुलामगिरीतून सोडवायला आणि गुलामगिरीविरोधी चळवळीला दिला. १८३६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कचेरीला आग लागली, त्यात हे पेटंटही जळालं. त्यामुळे त्याची नेमकी कृती इतिहासातून पुसली गेली. बॅकअप नसला की काय होतं याचं हे उदाहरण.

योगायोग पाहा, त्याच १८२१ मध्ये लंडनमध्ये मायकल फॅरेडेने प्रयोगशाळेत एक नवा द्रव तयार केला: टेट्राक्लोरोएथिलीन. त्याचा कपड्यांशी संबंध यायला अजून शंभरहून जास्त वर्षं जायची होती.

मधल्या काळात पॅरिसमध्ये जोली नावाच्या रंगाऱ्याची गोष्ट प्रसिद्ध झाली. टेबलक्लॉथवर दिव्यातलं तेल सांडलं आणि तेवढाच भाग स्वच्छ दिसायला लागला, अशी ती गोष्ट सांगतात. मग टर्पेंटाइन, बेन्झीन, पेट्रोलसारखे द्रव आले. ते तेलकट मळ छान विरघळवतात, लोकर फुगवत नाहीत. 'ड्राय' म्हणजे फक्त एवढंच की पाणी नाही. कपडा द्रवात चांगला बुचकळला जातो.

अडचण आगीची. पेट्रोलची पिंपं आणि गरम इस्त्री एका छपराखाली. १९२० च्या दशकात अमेरिकेत सहज पेट न घेणारं स्टॉडर्ड सॉल्व्हंट आलं, आणि १९३० च्या दशकापासून फॅरेडेचा तो न पेटणारा द्रव 'पर्क' या नावाने धंद्यात शिरला आणि जगभर पसरला. आता त्याच्यावरही पडदा पडतोय. पर्कचा कर्करोगाशी संबंध असल्याने कॅलिफोर्नियाने २०२३ पर्यंत तो ड्रायक्लीनमधून हद्दपार केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्याने देशभरात दहा वर्षांत तो बंद करायचा नियम केला. म्हणजे आपल्या जॅकेटला बसणारा धक्का दिसतो तरी. दुकानात दिवसभर तो वास घेणाऱ्या कामगाराला बसलेला दिसत नाही.

मग बिघडतं काय?

सॉल्व्हंट कापड ओळखतं, पण जॅकेट म्हणजे नुसतं कापड नव्हे. काही प्लॅस्टिकची बटणं, विशेषतः पॉलिस्टायरीनची, पर्कमध्ये मऊ पडतात किंवा विरघळतात. नकली चामड्याच्या पीव्हीसी जॅकेटमधलं मऊपणा देणारं द्रव्य पर्क खेचून घेतं आणि जॅकेट पुठ्ठ्यासारखं कडक होतं. खऱ्या चामड्यातली तेलंही अशीच निघून जातात.

कोटाच्या छातीला आकार देणारं आतलं कापड पूर्वी हाताने टाके घालून बसवायचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते डिंकासारख्या गोंदाने आणि उष्णतेने चिकटवायची पद्धत रुळली, कारण ती स्वस्त आणि झटपट. ड्रायक्लीनमध्ये हा गोंद सुटला की छातीवर फुगे येतात. आजोबांच्या जॅकेटला हे झालं नाही, ते शिंप्याच्या टाक्यांमुळे.

आणि भोक? तिथे मला मोठा धक्का बसला. पुण्यात पेठेतल्या एका जिन्याखाली रफूवाले चाचा बसतात. त्यांनी भोक उजेडाकडे धरलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "बेटा, हे मशीनने नाही खाल्लं. कसरीने खाल्लंय. मशीनने फक्त झाडून काढलं." कसरीची अळी लोकर खाते तेव्हा बऱ्याचदा धागा पूर्ण तुटत नाही, अर्धवट कुरतडून राहतो. नुसत्या डोळ्यांनी तो धडच दिसतो. धुलाईत हालचाल झाली की तो गळून पडतो. तेव्हा भोक कसरीचं, बटण दुकानाचं. उल्पियनच्या उंदरांसारखंच प्रकरण, फक्त उंदीर दुकानात येण्याच्या आधीच जेवून गेलेला.

दुसरा दंड

आता सुईकडे. रफू हा शब्द फारसीतून आला, आणि ही कला काश्मीरच्या शालींबरोबर वाढली. एकोणिसाव्या शतकात मागणी इतकी वाढली की एकच कानी शाल तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या मागांवर विणायचे आणि मग रफूगर ते तुकडे असे जोडायचे की शिवण सापडू नये. म्हणजे रफूगर नुसता दुरुस्ती करणारा नव्हता. शाल मुळात बनायचीच त्याच्या हाताने.

रफूगरांचं एक मोठं गाव आहे उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात. नाव ऐकून तुम्ही दचकाल: नजीबाबाद. होय, तोच नजीब. पानिपतावर अब्दालीला साथ देणारा नजीबखान रोहिला. हे गाव त्याने वसवलं, शेजारी पत्थरगड बांधला, आणि १७७२ मध्ये मराठी फौजांनी तो घेतला. आपल्या इतिहासात हे नाव फक्त फाडाफाडीचं. पण त्याच गावातले रफूगर पिढ्यान्‌पिढ्या देशभर फिरून जुन्या शाली सांधत आलेत. प्रिया रविश मेहरा या वस्त्र-कलाकार होत्या, २०१८ मध्ये त्या गेल्या. त्यांनी या रफूगरांचं काम अनेक वर्षं नोंदवलं आणि प्रदर्शनांतून लोकांसमोर आणलं. नाहीतर या लोकांची पंचाईत बघा: काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. त्यामुळे नावही राहत नाही.

चाचांनी केलं ते असं. जॅकेटच्या आतल्या शिवणीतून, जिथे कापड दुमडलेलं असतं, तिथून त्याच कापडाचे धागे काढले. बाहेरचा धागा नाही, कारण इतक्या वर्षांत उतरलेला रंग बाजारात मिळत नाही. आधी भोकावर उभे धागे टाकले, मग आडवे, दोन धाग्यांवरून, दोनखालून, दर ओळीत एक घर सरकवत. म्हणजे मूळ वीण जशी तशी. शेवटी वाफ आणि ब्रश. लोकरीचा फायदा असा की तिचे तंतू फुलतात आणि सांधा झाकतात. गुळगुळीत रेशमावर हेच काम फार अवघड जातं. पैसे किती झाले? पावतीवरच्या भरपाईपेक्षा जास्त. वरचं चिरलेलं बटण त्यांनी आतल्या बाजूच्या, न दिसणाऱ्या बटणाशी बदललं.

तुमच्या जॅकेटसाठी

शेवटी थोडं कामाचं.

देण्याआधी: फोनवर सगळ्या बाजूंनी, बटणांसकट फोटो काढा. कपडा उजेडाकडे धरून कसरीच्या विरळ जागा बघा. लेबलवरचं वर्तुळ म्हणजे व्यावसायिक धुलाई. आत पी असेल तर पर्क चालतो, एफ असेल तर फक्त पेट्रोल जातीचं सॉल्व्हंट, डब्ल्यू म्हणजे व्यावसायिक ओली धुलाई, आणि फुली म्हणजे ड्रायक्लीन करू नका. शंका असली तर बटणं काढून द्या.

परत आल्यावर: दुकानातच पिशवी उघडून बघा. बिघाड दिसला तर पुन्हा धुवायला किंवा इस्त्रीला देऊ नका. तुटलेले धागे, बटणाचे तुकडे जपून ठेवा.

काय नीट होतं: लोकरीतलं छोटं भोक, उसवलेली शिवण, अस्तर, बटणं, इस्त्रीने आलेली चकाकी बऱ्याच अंशी. कडक झालेलं खरं चामडं तेल देऊन थोडं सावरतं. काय होत नाही: आटलेली लोकर, कडक झालेलं पीव्हीसी. फुगे आलेल्या कोटाची छाती उघडून आतलं कापड बदलावं लागतं, आणि ते काम नव्या कोटाच्या शिलाईजवळ जातं.

आणि पहिला दंड सोडू नका. सेवेत कसूर झाली असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पावतीमागचं बारीक अक्षर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. फक्त एवढं लक्षात असू द्या की तो दंड तुम्हाला कापडाची उतरती किंमत देईल. त्या कापडात जे साठलंय ते परत हवं असेल, तर कुठल्यातरी जिन्याखाली बसलेला माणूस शोधावा लागेल. शहरात असे लोक कमी होत चाललेत, कारण नवीन जॅकेट दुरुस्तीपेक्षा स्वस्त मिळतं.

तर मंडळी, तुमच्या गावात, तुमच्या पेठेत कोण रफू करतं? त्यांच्याशी दोन मिनिटं बोला, कुठून आलात, कोणाकडे शिकलात एवढं विचारा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढचा एक एपिसोड त्याच आवाजांचा करू. तोपर्यंत ट्रंकेत कडुनिंबाचा पाला टाका, कपड्यांना ऊन दाखवा. भेटू पुढच्या भागात!